हातपंपाची लाल धार

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलं की तुम्हाला आधी लाल फुली दिसेल. ती माझ्या छातीवर आहे, वीतभर रुंद. तिच्याखाली हिरवा रंग आहे, हिरव्याखाली निळा, आणि सगळ्याच्या तळाशी काळं ओतीव लोखंड. तेच मी. मी एक जुना हातपंप आहे. माझा एकुलता एक हात साखळीने बांधलेला आहे आणि साखळीला कुलूप आहे. मी कधी चोरी केली नाही. कुणाला दुखवलं नाही, निदान मला तसं वाटत होतं. तुम्ही माझी गोष्ट ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला गेला, निवला, आणि मी झालो. एका कामगाराने माझ्या अंगावर हातोडीने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "खणखणीत आहे." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मला एक पाय मिळाला, एक हात मिळाला, तोंड मिळालं. जीभ तेवढी मिळाली नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पाणी द्यायला जीभ कशाला लागते?

मला या चौकात उभं केलं ते एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. समोर शिंपीणकाकूंचं दुकान, डावीकडे शाळेकडे जाणारी वाट, उजवीकडे आठ-दहा घरं आणि घरांच्या पाठीमागे नजर पोचेल तिथवर मक्याची शेतं. मिस्त्रीने माझा पाय चाळीस हात खोल, जमिनीतल्या पाण्यापर्यंत नेला. माझ्याभोवती सिमेंटचा ओटा बांधला आणि सांडलेलं पाणी दूर जावं म्हणून ओट्याला नाली काढून दिली. मग सगळ्यांना जवळ बोलावून तो म्हणाला, "ओटा म्हणजे पंपाचं झाकण. याला तडा गेला की मला बोलवा. मी मेलो असेन तर दुसऱ्याला बोलवा. पण बोलवा!"

लोक हसले. मिस्त्रीने माझ्या पाठीवर थाप मारली, पहिली ओंजळ स्वतः प्यायली आणि मिशा पुसत निघून गेला.

मित्रांनो, माझे ते दिवस किती सुखाचे होते म्हणून सांगू! भर दुपारी शेतात तण काढणाऱ्या बाया यायच्या. वीस-पंचवीस जणींची रांग, हातात खुरपी, पायाला माती, तोंडी गाणं. माझा दांडा एकदा वरखाली करणं, याला त्या 'एक हात' म्हणत. पहिल्या हाताचं पाणी त्या ओट्याच्या कडेला ठेवलेल्या मातीच्या पसरट परळात सोडायच्या, पाखरांसाठी. दुसऱ्या हाताचं दगडी कुंडीत, गुरांसाठी. मगच स्वतःची घागर लावायच्या. ही इथली रीत होती, आणि रीतीचं गाणंही होतं:

*पहिला हात पाखराला, दुसरा हात गाईला,*
*तिसरा हात भरून नेते घरी माझ्या आईला.*

पोरं मला कोड्यात घालायची:

*एका पायावर उभा, एकच त्याला हात,*
*जीभ नाही तोंडात, तरी गातो दिवसरात.*

"ओळखा पाहू कोण?" असं कुणी विचारलं की सगळी माझ्याकडे बोट दाखवून ओरडायची. मी कुरकुरत हसायचो. 'पाणी कसं, साखर आहे साखर!' असं वाटसरू म्हणायचे. मला साखर ठाऊक नव्हती. पण कौतुक कुणाला नको असतं?

मग एका वर्षी शेतात पांढरे डबे आले. डब्यात तणनाशक होतं. पाण्यात मिसळायचं, फवारायचं, आठ दिवसांत तण पिवळं पडून मरतं आणि मका जसाच्या तसा उभा राहतो. वीस बायांचं चार दिवसांचं काम एक माणूस एका सकाळी करू लागला. बायांची रांग आधी निम्मी झाली, मग दोघी-तिघी उरल्या, मग कुणीच येईना. माझी दुपार मुकी झाली.

रांगेच्या जागी एक माणूस येऊ लागला. तो सगळ्यांच्या शेतांवर फवारणी करायचा. त्याच्या पाठीवरच्या यंत्रालाही पंपच म्हणत, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊच म्हणा. हा माणूस स्वच्छतेचा भारी नादी. डब्यावर लिहिलेलं होतं की काम झाल्यावर यंत्र तीन वेळा धुवा. बाकीचे ते वाचत नसत. हा वाचायचा आणि पाळायचा. रोज काम संपलं की थेट माझ्याकडे यायचा, यंत्र ओट्यावर उतरवायचा आणि तीन पाण्यांनी धुवायचा. पहिलं पाणी दुधासारखं निघायचं, दुसरं ताकासारखं, तिसरं नितळ. म्हणून लोकांनी त्याचं नावच 'तीनपाणी' ठेवलं.

शिंपीणकाकू दुकानातून ओरडायच्या, "अरे तीनपाण्या, किती न्हाऊ घालशील त्याला? नवरदेव आहे का तो?"

"काकू, घरी लेकरू आहे," तो म्हणायचा. "विषाचा एक थेंब मी उंबऱ्याच्या आत नेणार नाही."

"लेकराचं कौतुक ते! सगळ्या जगाला नाहीत का लेकरं?"

"असतील हो, पण माझी खार आहे खार!"

त्याची लेक सहा-सात वर्षांची. ती माझ्या दांड्यावर पोट टाकून झोके घ्यायची, म्हणून सगळे तिला खारच म्हणत. बाप यंत्र धुवायचा, हातपाय साबणाने चोळायचा, अंगातला सदरा बदलायचा. मग खार दांडा मारायची. पहिला हात पाखराला, दुसरा गाईला. रांग मोडली तरी त्या पोरीने रीत मोडली नव्हती. तिसऱ्या हाताला घागर लागायची. ती खांद्यावर घेऊन बापलेक घरी जायचे. मी मनात म्हणायचो, बाप असावा तर असा.

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या. कारण मीच तेव्हा नीट लक्ष दिलं नाही.

एकदा मक्याची पोती भरलेला ट्रक मागे घेताना त्याचं चाक माझ्या ओट्यावर चढलं. ओट्याला तडा गेला. आधी केसाएवढा होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यात सुई मावली असती, त्यानंतर बोट. तो तडा थेट माझ्या पायापर्यंत पोचला होता. मिस्त्री तेव्हा हयात नव्हता. "दुसऱ्याला बोलवू," असं सगळे म्हणाले. बघू, करू, या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात पाहू. नाली तर कधीच बुजली होती. आणि गंमत अशी की, नाली बुजूनही ओट्यावर पाणी तुंबेना. धुतलेलं सगळं पाणी घटकाभरात दिसेनासं व्हायचं. लोक खूश झाले. काकू म्हणाल्या, "बघा, चिखल नाही, डास नाही! आपला ओटा आता आपोआप साफ होतो." मीही खूश झालो. पाणी जातं कुठे, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

ओट्याभोवती हिरव्या गवताचं एक कडं होतं. ते पिवळं पडलं आणि गेलं. "बरं झालं, किडामुंगी येणार नाही," लोक म्हणाले.

त्याच वर्षी शाळेत बाईंनी मुलांना डब्यात घेवडा लावायला सांगितला. रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत माती, मातीत बी. शाळेची टाकी लांबच्या नदीच्या पाण्याने भरायची. सगळ्या मुलांनी टाकीचं पाणी घातलं. खारला वाटलं, आपल्या रोपाला आपल्या पंपाचं पाणी हवं. ती रोज डबा घेऊन यायची आणि 'चौथा हात घेवड्याला' म्हणत मला लाडाने हलवायची.

सगळ्यांचे घेवडे वाढले. खारच्या घेवड्याला तिसरं पान आलं ते चुरगळूनच आलं. कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. देठ पिळलेल्या फडक्यासारखा वळला. आठवड्यात रोप आडवं झालं.

खार माझ्या ओट्यावर बसून रडत होती, तेव्हा बाई शाळेतून परतत होत्या. "पाणी जास्त घातलंस गं," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं होतं ना, थोडंच घालायचं?"

"बाई, थोडंच घातलं. एकच हात. आईची शपथ!"

बाई पुढे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. आईची शपथ म्हणून नव्हे. त्यांनी खाली पाहिलं, माझ्याभोवतीच्या उघड्या, करड्या मातीकडे. बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन डबे आणले आणि काकूंच्या दुकानाच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. एकाला टाकीचं पाणी, एकाला माझं. तीन आठवड्यांनी एक डबा हिरवा होता आणि एकात काडी उभी होती.

मित्रांनो, ती काडी मला समोर दिसत होती. मी स्वतःला समजावत होतो, बी किडकं असेल. माती वाईट असेल. आपलं पाणी म्हणजे साखर.

बाईंनी माझं आणि शेतांतल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासणीला पाठवलं. काही दिवसांनी प्रयोगशाळेतून एक मुलगी गाडीवरून आली. तिच्या पिशवीत बाटल्याच बाटल्या होत्या, म्हणून खारने तिला लगेच 'बाटलीताई' करून टाकलं. ताईने ओटा पाहिला, बुजलेली नाली पाहिली, तड्यात बोट घातलं. मग विचारलं, "इथे कुणी काही धुतं का?"

"मी धुतो," तीनपाणी पुढे झाला. "यंत्र. पण तीन पाण्यांनी! तिसरं तर नितळ निघतं."

ताईने बादलीत लाल रंगाची पूड कालवली. "हा खाण्याचा रंग आहे, घाबरू नका," असं म्हणत ती बादली हळूहळू ओट्यावर ओतली. ओटा लालभडक झाला. आठ-दहा माणसं जमली होती. काकूंना राहवेना. "अगं बाई, सरबत करतेस का? मग साखर आणते." सगळे हसले. तीनपाणीही हसला. घटकाभरात लाल पाणी तड्यातून दिसेनासं झालं. ताई काकूंच्या स्टुलावर घड्याळ बघत बसली. अर्ध्या तासाने उठली आणि म्हणाली, "खार, मार बघू हात."

खार दांड्यावर लटकली. पहिला हात, दुसरा, तिसरा. पाणी नेहमीसारखंच होतं, चकचकीत, गार. मला हायसं वाटलं. दहा झाले. पंधरा झाले. काकू म्हणाल्या, "आहे का काही? उगाच आपलं पोरीला दमवायचं."

अठराव्या हाताला धार गुलाबी झाली.

विसाव्या हाताला माझ्या तोंडातून लाल पाणी आलं. भडक लाल. ते ओट्यावर पडलं, तड्याकडे धावलं आणि पुन्हा खाली गेलं, माझ्याच पायाशी. मित्रांनो, तुम्ही कधी स्वतःच्या तोंडातून रक्त येताना पाहिलंत का? मी पाहिलं. तोंड माझंच होतं, आणि मला त्याची चवही नव्हती.

खारने दांडा सोडला. आतल्या सळीच्या वजनाने तो वर गेला. त्याचा खट्ट असा आवाज झाला.

"म्हणजे..." तीनपाणी म्हणाला. त्याने ओट्याकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे. "म्हणजे मी इथे धुतो ते..."

"खाली जातं," ताई हळू आवाजात म्हणाली. "आणि वर येतं. बाटलीतल्या पाण्यात तणनाशक सापडलंय. जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट."

गर्दीच्या कडेला खारची आई उभी होती. तिला सातवा महिना होता. तिने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हातातली, मघाशी माझ्याकडूनच भरून घेतलेली घागर काय करावी हे तिला कळेना. जमिनीवर ओतावी? पुन्हा जमिनीवरच? तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो," ती एवढंच म्हणाली.

तीनपाणी खाली बसला. ओट्यावरच, लाल पाण्यात. "घरात नको म्हणून मी इथे धुतलं," तो म्हणत राहिला. "घरात नको म्हणून. आणि घागर भरून मीच नेली. माझ्याच खांद्यावरून नेली."

पहिला हात पाखराला. दुसरा हात गाईला. तिसरा हात भरून नेते... माझ्या लोखंडात ते गाणं घणासारखं वाजू लागलं. परळातलं पाणी पिऊन गेलेल्या चिमण्या किती, कुंडीत तोंड घातलेली वासरं किती, ओंजळीने प्यायलेली पोरं किती? तडा गेल्यापासून इतकी वर्षं! मी सगळ्यांना दिलं. सगळ्यांना अगदी प्रेमाने दिलं.

"उकळून प्यायलं तर?" काकूंनी विचारलं.

"उकळून जंतू मरतात काकू, हे नाही जात. पाणी आटतं आणि हे तेवढंच उरतं."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सगळं या तीनपाण्याने केलं! पाजलं सगळ्यांना!" दोघे-तिघे पुढे सरले. ताई मध्ये उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली. "मी शेतांतल्या विहिरींचं पाणीही तपासलंय. तिथे कुणी यंत्र धुतलं नाही, तरी तिथेही आहे. कमी आहे, पण आहे. फवारलेलं पावसाबरोबर मुरतं. ज्याच्या शेतात फवारलं नाही त्याने आधी याच्यावर हात उचलावा."

कुणाचाच हात वर झाला नाही.

त्या आठवड्यात बाटलीताईने माणसांच्या लघवीचे नमुने नेले. कागद आले ते चौकातच वाचले गेले, म्हणून मलाही कळलं. तीनपाणीच्या अंगात तणनाशक सापडलं, ते ठीक, तो रोज हाताळायचा. पण खारच्या अंगात सापडलं. तिच्या आईच्या सापडलं. आणि शिंपीणकाकू, ज्यांनी जन्मात शेतात पाय ठेवला नाही, सुईदोऱ्याशिवाय कशाला हात लावला नाही, त्यांच्याही अंगात! काकूंनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही वेगळं लिहिलंय का म्हणून.

"ताई, आता माझ्या बाळाचं काय?" खारच्या आईने विचारलं.

"मला खोटं सांगता येणार नाही वहिनी, आणि खरं माहीत नाही. दवाखान्यात वरचेवर दाखवा. आणि या पाण्याचा यापुढेही एक घोट नको."

लाल धार आली त्याच संध्याकाळी माझ्या छातीवर फुली आली होती आणि हाताला साखळी. पुढे लांबच्या टाकीवरून नळ आला. दोन महिन्यांनी बाळ आलं. मुलगा. वजनाने जरा कमी. हे पाण्यामुळेच झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पाण्यामुळे झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. "बघत राहू," एवढंच म्हणाले. मित्रांनो, त्या दोन शब्दांत किती रात्री जागायच्या असतात, हे मी त्या आईच्या डोळ्यांखाली पाहिलं.

तीनपाणीने माझा ओटा स्वतःच्या हाताने फोडला आणि नव्याने बांधला, नाली मोकळी केली. आता तो शेतातच यंत्र धुतो आणि धुतलेलं पाणी त्याच शेतावर फवारून संपवतो. काही मालकांनी फवारणी कमी केली. दोन शेतांत तर पुन्हा खुरपी दिसली, पाच-सहा जणींची लहानशी रांग. त्या नळावर पाणी पितात. पण जमिनीच्या पोटात गेलेलं लवकर निघत नाही. बाटलीताई दर महिन्याला येते, कुलूप काढते, बाटली भरते. आकडा उतरतोय, मुंगीच्या पावलाने.

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मागच्या उन्हाळ्यात चाकू-सुऱ्यांना धार लावणारा एक परका माणूस चौकात आला. घामाने निथळत होता. त्याने नळ पाहिला, नळाला पाणी नव्हतं. मग मी दिसलो; फुलीचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. कुलूप गंजलं होतं, त्याने दगडाने ठोकून तोडलं. माझा दांडा धरला. मी आतून किंचाळलो, नको रे बाबा, नको! पण माझ्याकडे जीभ कुठे होती? त्याने हात मारला आणि मी पाणी दिलं. चकचकीत, गार, साखरेसारखं दिसणारं. मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. तहानलेल्याने हात धरला की द्यायचं, एवढंच मला घडवताना शिकवलं होतं.

त्याने ओंजळ पुढे केली. तेवढ्यात खार धावत आली. कडेवर धाकटा भाऊ, पायात चप्पल नाही. तिने आपला तळहात माझ्या तोंडावर घट्ट दाबला.

"काका, हे नका पिऊ! हा वाईट नाही. त्याला आम्हीच पाजलंय. चला, मी घरून पाणी देते."

धार तिच्या बोटांतून उडाली, तिचा फ्रॉक भिजला, आणि मग धार थांबली. कडेवरचं बाळ माझ्याकडे पाहून हसलं. त्या दुपारी त्या पोरीच्या तळव्यात मला पहिल्यांदा जीभ मिळाली.

मित्रांनो, जमीन म्हणजे झाकण नाही, चाळण आहे. वर जे सांडाल ते खाली जाईल, आणि खालचंच कुणीतरी घागरीत भरून घरी नेईल. ओट्याला तडा दिसला तर 'बघू' म्हणू नका. पाणी दिसेनासं झालं तर खूश होऊ नका, कुठे गेलं ते विचारा. मी विचारलं नाही. आता मी साखळीत उभा आहे आणि वाट पाहतो आहे त्या दिवसाची, ज्या दिवशी ताई बाटलीकडे बघून मान डोलवील आणि खार पुन्हा दांड्यावर पोट टाकील. पहिल्या हाताचं पाणी तेव्हाही पाखराला देऊ नका. आधी बाटलीत भरा, तपासा.

आणि तोवर, माझ्या तोंडावर हात ठेवणारं कुणीतरी जवळपास असू द्या.